आधी मागचं दार लावा

आयुष्यभर मी दार उघडायचा आणि दार लावायचा पगार घेतला. कुठं होता नोकरीला, असं कोणी विचारलं की मी सांगतो, जेलात होतो. समोरचा माणूस अर्धा पाऊल मागं सरकतो. मग मी सांगतो, अहो, खाकी घालून होतो. मग तो दोन पावलं पुढं येतो आणि त्याला सगळं ऐकायचं असतं. फाशी कोणाला दिली, पळालं कोण, मोठा गुंड कोण होता? त्याला काय सांगू! आमच्या जेलात सगळ्यात मोठी मारामारी झाली ती भाकरी कच्ची राहिली म्हणून.

जेल कोणतं ते विचारू नका. नाव लिहिलं की कोणीतरी जुने साहेब हयात निघतात आणि फोन करतात. अमरावती-अकोला पट्ट्यातलं आहे, भर वस्तीत आहे, आणि मी आता राजापेठेत मुलाकडे राहतो तिथून बडनेऱ्याला जाऊन गाडी धरली की दुपारच्या चहाला पोचता येतं. एवढ्यावर भागवा.

मी गेटवर होतो. गेट हवालदार तायडे. जेलला दारं दोन असतात. बाहेरचं मोठं दार, आतलं लाल दार, आणि मधे एक दगडी खोली, तिला आम्ही ड्योढी म्हणायचो. तिथला कायदा एवढाच की एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मोठे साहेब असोत, डॉक्टर असो, दूधवाला असो की आत मेलेल्या माणसाची तिरडी असो, आधी मागचं दार लावायचं, मग पुढचं उघडायचं. या एका गोष्टीवर सगळं जेल उभं असतं. उंच भिंत, टॉवर, बंदूक, हे बाहेरून बघणाऱ्यांसाठी. हा नियम माझ्या हातात इतका मुरला की घरी फ्रीज उघडायच्या आधी मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचो. आमची मंडळी म्हणायची, "काहून जी, फ्रीजातून काय पळून राहिलं?"

मोठं दार म्हणजे हत्ती जाईल एवढं. पण ते उघडायचं फक्त गाडीसाठी. माणसासाठी त्यातच एक बारका दरवाजा, इतका बुटका की कमरेत वाकल्याशिवाय आत येताच येत नाही. इंग्रजानं तो मुद्दाम बुटका ठेवला. वाकलेला माणूस हल्ला करू शकत नाही, आणि एकदा वाकला की पुढं वाकायची सवय लागते. एक गढीवाले देशमुख आले होते, जमिनीच्या खोट्या कागदाच्या भानगडीत. झुबकेदार मिशा, जरीचा फेटा. दार पाहिलं आणि म्हणाले, "आमी कोनापुढं वाकत नाई." मी म्हटलं, नका वाकू, पण आत तर यावं लागेल. मोठा पेच पडला. शेवटी त्यांनी तोंड रस्त्याकडे केलं आणि उलटे, पाठीकडून आत आले. म्हणजे सरकारला देशमुखांचं पहिलं दर्शन कोणत्या बाजूनं झालं ते समजून घ्या. त्याच रुबाबात त्यांनी आत दिवस काढले. जामीन झाला त्या दिवशी सगळा स्टाफ ड्योढीत जमला, आता कसे जातात बघू म्हणून. देशमुख वाकले, डोकं पुढं घातलं आणि सशासारखे बाहेर! सुटायचं असलं की माणसाची कंबर आपोआप लवते.

दुसरी गोष्ट मुलाखतीच्या जाळीची. कैद्याला भेटायला घरची माणसं येतात, त्याला आम्ही मुलाखत म्हणतो. तिथं लोखंडी जाळी एक नाही, दोन. मधे हातभर जागा, जाळीवर वर्षांची धूळ, आणि दोन्ही बाजूंनी सगळे एकदम ओरडणारे. खारपाणपट्ट्यातली एक बाई नवऱ्याला भेटायला आली. मुलाखतभर बोलली. सासूची तक्रार केली, म्हैस विकावी का विचारलं, पोरीच्या स्थळाचं विचारलं. पलीकडचा माणूस मान हलवत होता, अधूनमधून सल्लाही देत होता, म्हैस विकू नको म्हणाला. बाई समाधानानं गेली. तो माणूस माझ्याजवळ येऊन म्हणतो, "हवालदारसायेब, ते माही बायको नोयती. माह्यावाली आलीच नाई." मी म्हटलं, अरे मग सांगायचं ना! तर म्हणे, "इतकं बोलून राहिली व्हती बिचारी, कशाले तोडाव?" तिचा खरा नवरा तिकडच्या टोकाला जाळीला नाक लावून वाट पाहत होता. तो तिच्या नावानं कितीतरी दिवस कुढला. म्हैस मात्र वाचली.

आता एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडे कोणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. जेलच्या दारात बरोबर उलटं. सुटलेल्या माणसानं 'जातो' म्हणायचं. हे कोणत्या नियमावलीत नाही, पण कैद्यांनीच पाळलेलं. नवखा कोणी सवयीनं "येतो सायेब" म्हणाला की मागचे ओरडायचे, "अबे, काय बोलून राहिला बे!" मी त्याला पुन्हा ड्योढीत घ्यायचो आणि नीट म्हणायला लावायचो. आम्ही खाकीवाले मात्र ड्युटी संपली की 'येतो'च म्हणायचो, कारण आम्हाला उद्या पुन्हा हजर व्हायचं असे. निवृत्त झालो त्या दिवशी हार-नारळ घेऊन निघालो तेव्हाही तोंडातून 'येतो'च निघालं. तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

पुंजाजी असाच या दारातून गेला. दर्यापूरकडचा कास्तकार. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतभावाशी भांडण झालं, हातात फावडं होतं, एकच घाव बसला आणि भाऊ गेला. पुंजाजी स्वतःच ठाण्यात जाऊन बसला. जन्मठेप लागली. आत तो स्वयंपाकात होता, आणि त्याच्या हाताला अशी चव की साहेबांच्या घरूनसुद्धा वाटी घेऊन शिपाई यायचा. सुटला त्या दिवशी दारात "जातो" म्हणाला, बाहेर गेला आणि समोरच्या निंबाखाली बसला. संध्याकाळी ड्युटी संपवून मी निघालो तर तो तिथंच. म्हटलं, "काहून रे, गेला नाई?" म्हणाला, "जातो तं म्हनलं सायेब, पन कुठं जातो ते ठरवलंच नाई." गावात समोरच चुलतभावाचं घर, त्याची लेकरं मोठी झालेली. बायको मधल्या काळात वारलेली. कोणत्या तोंडानं जाणार?

त्यानं निंबाखाली हातगाडी लावली. चहा आणि गिला वडा. गिला वडा ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो, उडदाचा मऊ वडा, वरून दही आणि चटणी, आणि खाताना बोलायचं नाही. मुलाखतीला आलेली माणसं उन्हात ताटकळत असायची, ती पुंजाजीच्या गाडीशी बसायची. नवी बाई रडत आली की पुंजाजी तिला आत काय असतं, काय नसतं, सगळं समजावून सांगायचा, जेवण बरं मिळते माय, काळजी करू नको. तेवढं ऐकून ती वडा खायची. रोज संध्याकाळी गाडी आवरली की माझ्याकडे बघून हात वर करायचा, "जातो, हवालदारसायेब." उद्या सकाळी येणार हे त्यालाही माहीत, मलाही माहीत, पण त्या दाराकडे तोंड करून त्यानं कधी 'येतो' म्हटलं नाही. नोकरीत असताना म्हणता येत नव्हतं, आता म्हणतो, पुंजाजी माझा दोस्त आहे.

पुढं जेल गावाबाहेर नव्या इमारतीत गेलं. जुनं ओस पडलं. ज्या भिंतीवरून माणूस जाऊ नये म्हणून सरकारनं इतका जीव काढला, तिला मागच्या बाजूनं भगदाड पडलं आणि बकऱ्या राजरोस आत-बाहेर करू लागल्या. मग एक दिवस पत्रे लागले, क्रेन आली आणि फलक लागला, 'कारागृह हेरिटेज प्लाझा. शिक्षा नव्हे, अनुभव!'

तिथले मॅनेजर म्हणजे निनादसर. पुण्याचे, तरुण, दाढी कोरलेली, बोलायला गोड. त्यांना कोणीतरी सांगितलं, जुना गेट हवालदार जिवंत आहे. मला सन्मानानं बोलावलं आणि जेल दाखवायला सांगितलं. मी दाखवू लागलो. त्यांचा पहिला प्रश्न, "काका, फाशीगेट कुठंय?"

"आपल्याकडे फाशी नव्हती."

"एकही नाही?"

"एकही नाही. माफ करा."

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, हरकत नाही, एक करून घेऊ. आणि करून घेतली, प्लायवूडची, सेल्फीसाठी. लहान मुलांचा हात पोचत नाही म्हणून खाली स्टूलही ठेवलं. दुसरा प्रश्न, इथं भूत वगैरे आहे का? म्हटलं, असेल, पण कैद्यांच्या गिनतीत कधी लागलं नाही.

एकांत कोठडीचा 'सूट' झाला. त्या कोठडीत उंच माणूस तिरपा झोपायचा. तिथं आता गोल पलंग टाकला, एसी लावला आणि खिडकीचे गज तसेच ठेवले, कारण गजांचेच जास्त पैसे घेतात म्हणे. बराकीत पिझ्झा आला. गिनतीच्या मैदानावर लग्नाचं लॉन झालं आणि लग्नाच्या पॅकेजचं नाव 'जन्मठेप'. मी विचारलं, यात चांगल्या वर्तणुकीची माफी मिळते का? निनादसर खूप हसले आणि त्यांनी ते मोबाईलमधे टिपून घेतलं. मला वाटतं आता छापलंही असेल.

वेटरांसाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कपडे शिवून आले. मी म्हटलं, "साहेब, आपल्या महाराष्ट्रात शिक्षा लागलेले पक्के कैदी पांढरे घालतात. पांढरा सदरा, पांढरी टोपी."

निनादसर विचारात पडले. "नको काका. मग ते पुढाऱ्यांसारखे दिसतील."

मला काम दिलं गेटवर उभं राहायचं. जुनी खाकी, टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. लोकांना 'खरा फील' यावा म्हणून. खरं सांगू का, मला आनंद झाला. घरी नातवंडं सांगत होती आजोबा टीव्हीचा आवाज कमी करा, आणि इथं कोणीतरी मला दार उघडा म्हणत होतं. पण मी एक अट घातली. पुंजाजीला आत जागा द्या. जुन्या स्वयंपाकघरात एक कोपरा द्या, त्याची गाडी तिथं लागू द्या.

याला कारण होतं. निनादसरांच्या माणसांनी पुंजाजीला आधीच सांगितलं होतं की गाडी इथून हलव, गेटचा लुक बिघडतो. त्याचे गुडघे गेलेले. राहायला मागच्या गल्लीत एक खोली. एकट्यानं गाडी ढकलत तो फार तर चौकापर्यंत जायचा. नव्या जेलसमोर जा म्हटलं तर म्हणायचा, "तिथं मले कोन ओळखते?" म्हणजे निंबाखालची जागा गेली की त्याचं पोट गेलं, आणि बोलायला माणसंही गेली.

निनादसर म्हणाले, "काका, आमच्या पॉलिसीत बसत नाही. आत काम करणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांचा दाखला लागतो. गुन्हा नसल्याचा."

"जेलात?"

"हेरिटेजमध्ये."

मी टोपी टेबलावर ठेवली. तेव्हा ते घाईनं म्हणाले, बरं बरं, उद्घाटनापर्यंत गाडी राहू दे, मग बघू. सरकारी 'बघू'चा अर्थ मला पाठ होता. खाजगीतला वेगळा असेल असं वाटलं म्हणून मी टोपी उचलली. पुंजाजीला जाऊन सांगितलं, काम होईल. तो म्हणाला, "स्वयपाकघरात? त्याच चुलीपाशी?" त्याच्या डोळ्यांत असं काही आलं की मला वाटलं, आता हे झालंच पाहिजे.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. सकाळी पाहतो तर गाडी दिसेना! जवळ गेलो तेव्हा कळलं, गाडी हलवली नव्हती, झाकली होती. तिच्यासमोर पाहुण्यांचा भला मोठा फ्लेक्स ताणला होता. पाहुण्यांच्या हसऱ्या चेहऱ्यामागून वड्याचा धूर निघत होता. पाहुणे म्हणजे आमच्या भागातले वजनदार माणूस. पांढरे कपडे, पांढरी टोपी, मागं तशाच कपड्यांतले कार्यकर्ते. निनादसरांनी ठरवलं होतं की मोठं दार उघडायचं नाही, सगळ्यांनी बुटक्या दरवाजातून वाकून यायचं, म्हणजे अनुभव मिळतो. फोटोवाले बाहेर राहणार, लाल दार उघडलं की आत पुष्पवृष्टी.

पाहुणे वाकले, आत आले. मागून निनादसर. मागून कार्यकर्ते, एकेक, वाकून. ड्योढीत अंधार. उन्हातून आलेल्या माझ्या डोळ्यांना दिसतात फक्त पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या आणि खाली घातलेल्या माना. ड्योढी भरली आणि माझ्या हातानं मागचं दार लावून टाकलं. खटका पडला. आणि तोंडातून, आयुष्यभर जे निघत आलं ते निघालं, "जोडीनं बसा!"

नवे कैदी आले की त्यांना दोघादोघांच्या जोडीनं उकिडवं बसवतात, म्हणजे मोजायला सोपं. ते आम्हाला माहीत. या लोकांना कसं माहीत असणार? पण बसले. अहो, खरंच बसले! निनादसर गोंधळून एका कार्यकर्त्याच्या शेजारी बसले. सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट, हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुणे बसले. याचा अर्थ मी लावत नाही.

मी माफी मागायला पुढं झालो. पण पाहुणे दिलखुलास हसले, म्हणाले, "वा! काय वातावरन आनलं राजा!" टाळ्या पडल्या. कार्यक्रमाचाच भाग समजले सगळे. मनात म्हटलं, सुटलो, आणि लाल दाराच्या कुलुपात किल्ली घातली. किल्ली फिरेना. जोर केला, तरी फिरेना. जवळून पाहिलं तर कुलुपाच्या भोकात चकचकीत रोगण भरून वाळलेलं. अँटिक लुक! मागं वळलो, बाहेरच्या दाराला किल्ली लावली. तिथंही अँटिक. खटका पडायचा तो पडला होता, आता उघडायचा नव्हता.

जेलात आलेला माणूस कोणत्या क्रमानं बदलतो ते मी आयुष्यभर पाहिलं. आधी हसतो, मग ओळख सांगतो, मग ओरडतो, मग पाणी मागतो. पाहुण्यांनी क्रम चुकवला नाही. हसून झालं. मग फोन लावून झाले, मी कोण आहे माहीत आहे का, अकोल्यात माझी सभा आहे, वगैरे. मग निनादसरांवर ओरडून झालं. ड्योढीत पंखा नव्हता, हेरिटेजला पंखा चालत नाही. शेवटी भिंतीला टेकून बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "पानी भेटते का इथं?"

मोठ्या दाराला वीतभर खिडकी असते, बाहेर कोण आहे ते पाहायला. मी तिच्यातून हाक मारली, "पुंजाजी!" बाहेर काहीतरी फर्रकन फाटलं. फ्लेक्स मधोमध फाडून पुंजाजी पाण्याची बादली घेऊन आला. एकेक पेला खिडकीतून आत. मग न सांगताच वड्याचे द्रोण येऊ लागले. निनादसरांनी हात आखडला, पण पाहुण्यांनी घेतला. एक खाल्ला, दुसरा मागितला. उकिडवे बसून, टोपी मांडीवर ठेवून ते वडा खात होते आणि बाहेरून खिडकीला कॅमेरे चिकटले होते.

"कोन करते हा वडा?" पाहुण्यांनी विचारलं.

"आपलेच काका आहेत सर," निनादसर म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, आपले नाहीत अजून. उद्या त्यांची गाडी उचलणार आहेत."

पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "असा मानूस बाहीर काहून? याले अंदर घ्या!"

"नक्की सर," निनादसर म्हणाले. कॅमेऱ्यासमोर म्हणाले. मी खिडकीतून पाहिलं, पुंजाजी चमचा हातात धरून नुसता उभा होता. मला इतका आनंद झाला की मी पाहुण्यांना सॅल्यूट ठोकला. नंतर एक फिटर आला, त्यानं ग्राइंडरनं दोन्ही कुलपं कापली आणि पाहुण्यांची सुटका झाली. बाहेर पडताना त्यांनी कोणालाही नमस्कार केला नाही. नवी कुलपं दुसऱ्याच दिवशी बसली, या वेळी रोगणाशिवाय.

त्याच आठवड्यात निनादसरांनी पुंजाजीला बोलावलं. तो धुतलेला सदरा घालून आला. मला कानात म्हणाला, "उडीद भिजू घातले काल. चुलीचा अंदाज घेतो, अन् आजच पयला घाना काढतो." बुटक्या दरवाजाशी आला, थबकला. सुटल्यानंतर पहिल्यांदाच तो आत येत होता. वाकला, ड्योढीत आला, आणि मी मागचं दार लावलं तसे त्यानं दोन्ही हात आडवे पसरले आणि पाय फाकवून उभा राहिला. झडतीसाठी.

"पुंजाजी," मी म्हटलं, "हात खाली घे ना रे."

त्यानं हात पाहिले आणि लाजल्यासारखा हसला. मला फार वाईट वाटलं. मी लाल दार उघडलं.

निनादसर खुर्ची देऊन बोलले, ते खोटं सांगत नाही. मग त्यांनी हँगरला लावलेला पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख पुढं केला. "काका, पहिल्या कोठडीत बसायचं. लोक येतील, फोटो काढतील. बाकी काही काम नाही. पगार चांगला आहे."

पुंजाजी म्हणाला, "अन् वडे?"

"फूड कोर्ट दुसऱ्या कंपनीकडे आहे."

"अन् तो पोलिसाचा दाखला?"

"या पोस्टला सूट दिलीय," निनादसर उत्साहानं म्हणाले. "इथं तुमचा अनुभवच कामाला येतो!"

पुंजाजीनं तो कपडा बोटांत धरून पाहिला. "आमचे तं पांढरे व्हते," एवढंच म्हणाला. मग कपडा सोडून विचारलं, "संध्याकाळी सोडता ना?"

"म्हणजे काय! शिफ्ट संपली की सुट्टी."

"रोज?"

"रोज."

पुंजाजी खुर्चीवरून गुडघ्यांवर हात देत उठला. रागावला नाही. म्हणाला, "सरकारनं मले एकडाव सोडलं सायेब. तेवढं पुरलं. रोज सुटाची ताकत नाई आता माह्यात."

मी त्याच्यामागून ड्योढीत आलो. तिथं प्रणाली नावाची मुलगी उभी असते, जवळच्याच खेड्यातली, नऊवारी नेसवून उभी केलेली. जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून 'पुन्हा या' म्हणायचं, हे तिचं काम. तिनं हात जोडले, "पुन्हा या आजोबा."

"जातो माय," पुंजाजी म्हणाला.

पोरगी चांगल्या वळणाची. घाबरून म्हणाली, "आजोबा, जातो नाई म्हनू! येतो म्हना."

"दुसऱ्या कोनत्याबी दारात म्हनीन," पुंजाजी म्हणाला. "या दारात नाई."

मी लाल दार लावलं. मग बाहेरचं उघडलं. तो वाकला आणि गेला. उघड्या दरवाजातून मला निंब दिसला, गाडी दिसली. लाल दारापलीकडून निनादसरांचा आवाज आला, काका, बस आलीय, दार लावून घ्या, ग्रुपला जोडीनं बसवायचंय, तो आयटम फार हिट आहे! माझा हात दाराकडे गेलासुद्धा होता. मी तो मागं घेतला. टोपी काढली, पट्टा काढला, किल्ल्यांचा जुडगा प्रणालीच्या हातात दिला.

तिनं सवयीनं हात जोडले. जोडल्या हातांत किल्ल्या खळखळल्या.

"जातो बेटा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दारात म्हटलं. जड गेलं. मग कमरेत वाकलो आणि बाहेर आलो.

पुंजाजीनं गाडीची चाकं मोकळी केली होती. भिजलेल्या उडदाचं पातेलं वर ठेवलं होतं. नव्या जेलापर्यंत त्याच्यानं एकट्यानं ती गाडी गेली नसती, आणि तो निघालाही नव्हता. तो माझ्या उघड्या डोक्याकडे पाहत होता.

"लय वेळ लावला हो हवालदारसायेब," तो म्हणाला. "माह्याहून लंबी सजा झाली तुमाले. चाला, लोटा आता मांगून."